कोरसातला बारावा

१

कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. काम एवढंच की नव्या तबकड्यांचा ढीग आला की त्यातली एक उचलायची, ऐकण्याच्या खोलीत बसून वाजवायची आणि ढीग बाजारात पाठवण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. खोली कसली, उभं कपाटच ते. भिंतींना आतून जाड कापड ठोकलेलं, आत एक टेबल, एक यंत्र, एक स्टूल. दार ओढलं की बाहेरच्या दाबयंत्रांचा धडधडाट कुणी गळा दाबावा तसा बंद व्हायचा. नव्या बायका तिथं घाबऱ्या व्हायच्या. कानवालीला मात्र सगळ्या गावात तेवढी एकच जागा बरी वाटे, कारण बाहेर सगळीकडं लढाई होती.

लढाई म्हणजे तोफा नव्हेत. तोफा लांब, कुठल्या तरी नदीपलीकडं. इथं होतं ते गाणं. 'जिंकून येऊ घरी, घरी गं, जिंकून येऊ घरी.' चौकातल्या खांबावर कर्णा बसवला होता आणि तो सकाळ-संध्याकाळ हेच ओरडायचा. तो ओरडला की जो जिथं असेल त्यानं तिथं उभं राहायचं आणि बरोबर म्हणायचं. राजा बोले, दल हाले. म्हातारी माणसं काठी टेकून म्हणायची, रेशनच्या रांगेतल्या बायका पिशव्या सांभाळत म्हणायच्या, आणि कोण म्हणत नाही ते बघायला प्रत्येकाला शेजाऱ्याचे डोळे होते. ज्याचं तोंड बंद दिसलं त्याच्याशी दुसऱ्या दिवशी दुकानदार नीट बोलत नसे.

कारखान्यात दुसरं काही निघतच नव्हतं. तबकड्या ज्यापासून बनतात ती नवी लाख यायची बंद झाली होती. म्हणून हुकूम निघाला की घरातल्या जुन्या तबकड्या आणून द्याव्यात. लोकांनी आणून दिल्या. प्रेमाची गाणी, अंगाई, नकलाकारांचे विनोद, कुणाच्या लग्नात वाजलेल्या सनया, सगळं मागच्या चक्कीत जायचं, त्याचा काळा भुगा व्हायचा आणि त्या भुग्यातून पुन्हा हेच एक गाणं निघायचं. चक्कीवाल्याच्या नाकातोंडात इतकं संगीत गेलं होतं की तो खोकला तरी काळं पडे.

आता त्या गाण्यातला कोरस. मुख्य गळा नावाजलेल्या गवयाचा होता, पण मागं जे 'शिपाई' गातात ते शिपाई नव्हतेच. कारखान्याच्या साहेबांनी दाबयंत्रांवरची बारा पोरं रांगेत उभी केली. भाड्याचे गाणारे महाग पडतात, आणि रांगडे गळे खरे वाटतात, असा त्यांचा हिशेब. त्या बारांत कानवालीचा मुलगा होता. त्याला भोंगा म्हणत. लहानपणी तो गायला लागला की शेजारीण विचारायची, कारखान्याची पाळी सुटली का गं? बापही तसाच होता. खानदानी बेसूर.

पहिल्याच तालमीला गाणं तबकडीवर उतरवणाऱ्या मुद्रणवाल्यानं यंत्र थांबवलं. म्हणाला, "मागं रेकतंय कोण?" सगळे भोंग्याकडं बघून हसले. वर्तमानपत्रात छायाचित्र यायचं होतं, त्यात बारा डोकी हवी होती, म्हणून त्याला हाकलला नाही. मागच्या रांगेत शेवटी उभा केला आणि बजावलं, "तू नुसतं तोंड हलव. आवाज काढलास तर कानाखाली वाजवीन."

घरी येऊन तो स्वतःच सगळ्यात जास्त हसला. "आई, माझा आवाज देशाला परवडत नाही," म्हणाला. पुढं महिनाभरात त्या बाराही जणांना फौजेनं उचललं. तिथं मात्र कुणी गळा तपासला नाही.

२

त्या सकाळी तिनं नेहमीसारखी तबकडी ठेवली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. गवई आला, गेला. कोरस आला. 'घरी गं' म्हणताना सूर वर चढतो, तिथं सगळे चढले आणि एकजण राहिला. जरा खाली, जरा उशिरा. जिन्यात पाय अडखळावा तसा.

तिनं सुई उचलली.

भोक मध्यावर पडलं नसेल, हा पहिला विचार. तबकडीचं भोक केसभर सरकलं तरी गाणं वाकड्या चाकाच्या गाडीसारखं झोके खातं. तिनं मोजून बघितलं. भोक जागेवर होतं. आणि भोक सरकलं तर सगळेच झोके खातात, गवई, बाजा, बिगुल, सगळे. एकटा माणूस झोका खात नाही. मग सुई बदलली. मग तबकडी बदलली, त्याच ढिगातली दुसरी घेतली, तिसरी घेतली. तो तिथंच होता.

कपाटात पहिली तबकडी होती, मान्य झालेली, ताडून बघायला ठेवलेली. ती लावली. अकरा गळे. एकेकाला ती ओळखत होती: हा उंच बांधणीवाला, हा तोतरा, हा नाकात बोलणारा. नवी लावली. तेच अकरा, आणि वर एक.

हे होण्यासारखं नव्हतं. तबकडी साच्यातून निघते, साचा एकच, लोखंडाहून कडक. ठशात नाही ते कागदावर कुठून उमटेल? तिनं स्वतःला समजावलं, की बाई, रोज तेच ते ऐकून तुझे कान किटलेत. मनात पोरगा आहे म्हणून गाण्यात पोरगा ऐकू येतोय. मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यातलाच प्रकार. असं म्हणून तिनं ढीग पास केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. समजावलेलं मन गप्प बसलं होतं, पण त्याला पटलं नव्हतं. आईला स्वतःच्या मुलाचा आवाज ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावं लागत नाही.

३

कडेला टवका उडालेल्या तबकड्या कामगारांना घरी नेता येत. तसली एक तिनं नेली आणि सुनेला, भोंग्याच्या बायकोला, काही न सांगता लावली.

सून भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर तेच आहेत." आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "गायलेच शेवटी. नको म्हटलं की करायचंच, तीच तर खोड."

म्हणजे कानांचा दोष नव्हता. कानवालीला बरं वाटायला हवं होतं. तिनं सुनेला सांगितलं नाही, की तो त्या दिवशी गायला नव्हता. गायला असता तर मुद्रणवाल्यानं त्याची सालटी काढली असती, आणि पहिल्या तबकडीत तो ऐकू आला असता.

मग रोज संध्याकाळी दोघी ते गाणं लावायच्या. जे गाणं चौकात ऐकून दोघींच्या कपाळात तिडीक जायची, तेच घरात जीव लावून ऐकायच्या. त्याचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर अख्खा आवाज होता.

पण कानवालीला एक गोष्ट छळत होती. कोण माइकजवळ उभा आहे, कोण लांब, हे तिला डोळे मिटून सांगता येई. पहिल्या दिवशी तो मागच्या रांगेत होता, शेवटी, जिथं त्याला उभा केला होता तिथंच. पुढच्या ढिगात तो उंच बांधणीवाल्याच्या खांद्याशी आला. त्याच्या पुढच्या ढिगात बांधणीवाला मागं पडला. गाणं तेच, साचा तोच, आणि तो माणसांमधून वाट काढत पुढं येत होता.

त्याचा अर्थ काय, ते तिनं मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही. जिवंत माणसाचा आवाज असा कुठं फिरत नाही, एवढं अर्धं वाक्य यायचं आणि ती उठून भांडी घासायला लागायची. तिला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

एकदा तिनं साहेबांना नुसतं विचारलं, "साचा बदललाय का हो?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

"सहज."

"बाई, या गाण्याबद्दल सहज कुणी काही विचारत नाही. पलीकडच्या गल्लीतला मास्तर सहजच म्हणाला होता, चाल रडकी आहे. कुठं आहे तो आता?"

कानवाली खाली मान घालून परत कपाटात जाऊन बसली.

४

आणि मग तो आलाच.

सुटीचा दिवस होता, भर दुपार. सुनेनं दारात बघितलं आणि सासूला हाक मारली. उजवा हात गळ्यात बांधलेला, केस बारीक कापलेले, गाल बसलेले. "सुटी मिळालीय," तो म्हणाला, "हात बरा होईपर्यंत."

कानवालीनं त्याला गच्च धरलं. अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास होता, आणि ऊब होती. ऊब होती हे महत्त्वाचं. इतके दिवस जे अर्धं वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं होतं ते गळून पडलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं. म्हातारी झालीस आणि भुताखेतांच्या नादी लागलीस, ती स्वतःला म्हणाली. सुनेचं तर काय विचारता, ती घरातल्या घरात धावत होती. रेशनची साखर एका चहात संपवली.

शेजारपाजार गोळा झाला. सगळ्यांना एकच ऐकायचं होतं, आपण जिंकतोय ना? तो म्हणाला, जिंकतोय. मग लोकांना बरं वाटलं आणि त्यांनी त्याच्या हाताची चौकशी केली.

संध्याकाळी कर्णा ओरडला. सगळे अंगणात उभे राहिले, तोही राहिला, आईच्या शेजारी. कोरस आला तसा त्यानं तोंड उघडलं आणि गायला.

'घरी गं'ला सूर चढला. नेमका जिथं चढायला हवा तिथं.

समोरचा न्हावी म्हणाला, "अरे भोंग्या, फौजेत गळे पण नीट करून देतात की काय?"

सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांचं हसून होत आल्यावर. सुनेचा चेहरा अभिमानानं फुलला होता. कानवालीचा हात त्याच्या कोपराला लागलेला होता, तो तिनं हळूच काढून घेतला.

५

माणूस शिकतो की. तिकडं रोज कवायत, रोज गाणं, दगडालाही सूर लागेल. असं ती दिवसभर म्हणत होती. पण सूर ही काही केसांची वळणं नव्हेत, की कुणी पाणी लावून बसवली आणि बसली. तिनं आयुष्य कानांवर काढलं होतं. बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत हे ऐकूच येत नाही; जे ऐकू येत नाही ते तो सुधारणार कसं?

बाकी सगळं बरोबर होतं. भुवईवरची खोक होती. किल्ली कुठं ठेवतात ते न विचारता ठाऊक होतं. जेवताना वरून मीठ घ्यायची खोड होती. फक्त तो पूर्वी आंघोळ करताना, बूट घालताना, काही नसताना रेकत असायचा, आता दुसरं कुणी गात असेल तरच गायचा. एरवी गप्प. आणि भोंग्या म्हणून हाक मारली की ओ द्यायचा, पण आधी क्षणभर बघायचा, हाक कुणाला आहे याची खात्री केल्यासारखा.

कामावर तिनं ताजा ढीग घेतला. मनात होतं, की आता तो आवाज नसेल. पोरगा घरी आला, मग तबकडीत कशाला असेल?

सुई टेकली. तो अगदी पुढं होता. गवयाच्याही पुढं, माइकला तोंड लावून, नेहमीसारखा खाली, नेहमीसारखा उशिरा. इतका जवळ की श्वास ऐकू येत होता. गाण्याच्या मध्यावर एक जागा आहे, तिथं सगळे थांबतात आणि नुसता बिगुल वाजतो. बिगुल वाजला. आणि त्याच्या आडून, दुसऱ्या पाळीहून येताना शेजारी जागे होऊ नयेत म्हणून जसा दबक्या आवाजात बोलायचा, तसा तो बोलला.

"आई, दार उघड."

ती उठली तेव्हा स्टूल पडलं. तिनं खोलीचं दार खरंच उघडलं. बाहेर दाबयंत्रं आदळत होती, बायका लाखेचे गोळे उचलत होत्या, कुणी तिच्याकडं बघितलंही नाही.

त्या दिवशी ती लांबच्या वाटेनं घरी गेली. घरात मुलगा होता, आणि घरी जायची तिला भीती वाटत होती.

६

पुढच्या सुटीच्या दिवशी सुनेनं गंमत करायची ठरवली. त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "तुमची चोरी पकडलीय आम्ही." कानवाली नको म्हणेपर्यंत तिनं तबकडी लावलीसुद्धा. कानवालीनं जुनी परत टाकून आदल्याच दिवशी आणलेली, ताज्या ढिगातली टवकेवाली. का आणली होती ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

उन्हं दारातून आत आली होती. रस्त्यावर माणसं जात-येत होती. त्यांच्या घराचं दार दिवसा कधी लागत नसे.

तो ऐकत राहिला. कोरसाला त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बिगुल वाजला. सून यंत्रावर धूळ होती ती पुसत होती, तिला काही ऐकू आलं नसावं. कानवालीला आलं. आणि त्याला आलं, कारण तो उठला, सावकाश दारापाशी गेला, दार लावलं आणि आतून कडी घातली. मग परत येऊन बसला.

"कोण आलं होतं?" सुनेनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग दार का लावलं?"

"वारं येतंय." पडदा हललाही नव्हता. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ही तबकडी घरात नको. त्यात एकजण बेसूर गातोय."

"अहो, तुम्हीच ते."

"मी असा गातो का?" त्यानं विचारलं, आणि ती ओळ म्हणून दाखवली. सुरेल, स्वच्छ, एखाद्या घासलेल्या भांड्यासारखी. सून हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

कानवाली चुलीपाशी होती, तिथं तो मागून आला. सून पाणी भरायला बाहेर गेली होती.

"आई, तुझ्या हातात आहे सगळं," तो म्हणाला. "तू खोट आहे म्हटलंस की साचा मोडतील."

तिनं मागं न बघता विचारलं, "तू कोण आहेस रे?"

"घरी आलोय तो."

"माझा मुलगा कुठंय?"

"कामाला लागेल असा मुलगा समोर उभा आहे, आणि तू भुग्यातल्या आवाजाला मुलगा म्हणतेस?" त्याचा आवाज चढला नाही. "दोन्ही नाही मिळत, आई. कुणालाच नाही मिळत. ती बिचारी किती आनंदात आहे, बघतेस ना? मी गेलो तर तिच्याकडं काय राहील? रोज संध्याकाळी वाजवायला एक तबकडी." त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आणि मी काही असाच जाणार नाही. एकटा तर नाहीच."

दारात कळशी टेकल्याचा आवाज झाला. तो लगेच पुढं गेला आणि सुनेच्या हातातून कळशी घेतली. उजव्या हातानं. गळ्यातली पट्टी त्यानं केव्हा काढली होती, कुणास ठाऊक.

७

दुकानदारांच्या तक्रारी यायला लागल्या. कोरसात कुणीतरी बेसूर आहे म्हणे. फौजेच्या कचेरीतूनही विचारणा झाली, की शिपायांची अशी टर कोण उडवतंय? जे साहेब परवापर्यंत गाण्यात खोट काढणाऱ्याला गिळायला उठत होते, त्यांना आता खोट न काढणारी माणसं नकोशी झाली. त्यांनी कानवालीला बोलावलं. मुद्रणवाला तिथंच उभा होता, घाम पुसत.

"माझ्या वेळी नव्हतं हो हे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी त्याला तोंड हलवायला सांगितलं होतं. मी स्वतः बघितलं, तो नुसतं तोंड हलवत होता."

"तू गप्प," साहेब म्हणाले. "बाई, इतके ढीग तुम्ही पास केलेत. ते कसे केलेत ते नंतर बघू. आता ऐका आणि एका शब्दात सांगा. खोट आहे, की नाही? आहे म्हणालात तर साचा आत्ता मोडतो आणि बाजारातल्या सगळ्या तबकड्या परत आणून दळतो. नाही म्हणालात तर तसं लिहून द्या, मी कचेरीला कळवतो."

त्यांनी यंत्र सुरू केलं. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. कानवालीच्या पिशवीत घरची तबकडी होती. सकाळी निघताना त्यानंच ती पिशवीत घालून दिली होती आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून दारात उभा राहिला होता, आई गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत.

कोरस आला. भोंगा गायला लागला. काय रेकत होता तो. जीव तोडून, वाट चुकलेलं जनावर ओरडतं तसा, आणि एकही सूर जागेवर नव्हता. तिला तो शाळेतून येताना दिसला, बूट उलटे घातलेला. तिला म्हणायचं होतं, खोट नाही साहेब, माझ्या मुलाचा गळाच तसा आहे, असू द्या. एवढंच तर म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं सुनेचा खांदा होता आणि त्यावर तो हात. समोर जे जेवतं, चालतं, घरात झोपतं, त्याला नाही म्हणून कसं चालेल? आवाज तर आवाजच. लाख आणि धूळ.

"खोट आहे," ती म्हणाली.

तबकडी फिरतच होती. बिगुलाची जागा आली. बिगुल वाजला, आणि त्याच्या आड कुणीतरी श्वास घेतला, बोलायला घेतात तसा. मग तो श्वास तसाच हळू सोडून दिला.

"बरं, आई," तो म्हणाला.

पुढचा कोरस आला तेव्हा अकराजण गात होते. एकदम सुरात.

"आता कुठंय?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता तर काहीच नाही."

"होता," कानवाली म्हणाली.

तरी साचा मोडला. फौजेच्या कचेरीला काहीतरी मोडल्याचं कळवायचं होतं. दुपारपर्यंत ढीग चक्कीपाशी गेले. तिनं पिशवीतली तबकडी त्यांवर ठेवली, ठेवताना ती क्षणभरही थांबली नाही, आणि त्याचंच तिला पुढं कायम वाईट वाटत राहिलं. चक्की सुरू झाली तेव्हा ती ऐकण्याच्या खोलीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

८

ती घरी आली तेव्हा तो जेवून बसला होता. कुणाची वाट बघितली नव्हती. तिनं ताट उचलता उचलता हाक मारली, "भोंग्या." त्यानं बघितलंही नाही. पुन्हा मारली. मग तो वळला आणि तिच्याकडं असं बघितलं, की काम झाल्यावर ही बाई अजून इथं कशी.

"त्या नावानं नको," तो म्हणाला. "आता काय गरज आहे?"

स्वयंपाकघरात सून भिंतीला टेकून उभी होती. दिवा लावलेला नव्हता. कानवाली आत आल्यावर तिनं मधलं दार लोटलं आणि अगदी हळू विचारलं, "आई, ती तबकडी कुठंय?"

"कशाला?"

"एकदा लावू या ना. मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

"बाहेर बसलाय की तो."

"त्यांचा, म्हणतेय मी," सून म्हणाली. तिच्या खांद्यावर, गळ्याजवळ, चार बोटांच्या जागी कातडी काळसर पडली होती. ती दुखत नव्हती, असं ती म्हणाली. नुसती गार लागत होती.

कानवालीला सांगावं लागलं. तिनं सांगितलं, की मोडली. सगळ्या मोडल्या. साचासुद्धा. सून रडली नाही. चुलीकडं बघत म्हणाली, "मग तुम्ही म्हणा. ते म्हणायचे तसं. तुम्हाला येईल, तुमचे कान आहेत. मला आत्ताच आठवेनासं झालंय."

कानवालीनं भिंतीकडं तोंड केलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणायला घेतलं. जिंकून येऊ घरी, घरी गं. सूर चढला, नेमका जिथं चढायचा तिथं. तिनं परत सुरुवात केली आणि मुद्दाम खाली ओढला. तो खाली दुसऱ्या सुरावर गेला, पण तोही खरा सूरच होता. तिनं उशिरा म्हणून बघितलं, अडखळून बघितलं, गळा दाबून बघितलं. सगळं आयुष्य खोट हुडकण्यात गेलं होतं, आणि गळ्याला खोट करता येईना. सून डोळे मिटून वाट बघत होती.

"तसं नाही," ती म्हणाली. "अजून एकदा."

तिनं अजून एकदा म्हटलं. आणि बाहेरच्या खोलीतून, दाराच्या अगदी पलीकडून, त्यानं तिच्या सुरात सूर मिसळला.